चाळीस तासांच्या सहलीतले पंधरा तास रस्त्यावर: एका शनिवार-रविवारचा हिशेब

मोठ्या शहरातलं एक कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी. शाळेला आणि ऑफिसला एकत्र सुट्टी फक्त शनिवार-रविवारी. शहरापासून २८० किलोमीटरवर डोंगरातलं एक नावाजलेलं ठिकाण त्यांनी निवडलं. नकाशाच्या अॅपने पाच तास दाखवले. शनिवारी सकाळी निघायचं, दुपारच्या जेवणाला पोचायचं, रविवारी संध्याकाळी परत. कागदावर यात चूक काढायला जागा नव्हती.

सोमवारी सकाळी दोघंही कामावर गेली ती शुक्रवारपेक्षा जास्त थकून. त्यातल्या आईने मला नंतर विचारलं, "आम्ही नक्की चुकलो कुठे? गाडी नीट होती, हॉटेल चांगलं होतं, कुणी आजारीही पडलं नाही." हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या सहलीत अपघात नाही, भांडण नाही, फसवणूक नाही. सगळं 'ठीक' होऊनही सहल वाया गेली, आणि अशा सहलींची कारणं कुणी शोधत बसत नाही. तिच्या फोनमधली प्रवासाची नोंद, फोटोंवरच्या वेळा आणि पेट्रोलपंपाची पावती एवढ्या सामग्रीवर आम्ही दोन दिवसांचा हिशेब मांडला.

घड्याळ काय सांगतं

निघायचं ठरलं होतं साडेसहाला. बॅगा सकाळी भरल्या, वाटेत टायरमध्ये हवा आणि पेट्रोल भरून घेतलं. शहराच्या आतून खरी सुरुवात झाली ७ वाजून ४० मिनिटांनी. शहराबाहेर पडण्याचे ३८ किलोमीटर पार करायला एक तास वीस मिनिटं गेली. पुढचा महामार्ग १९५ किलोमीटरचा. तो एरवी दोन तासांत झाला असता, त्याला तीन तास पाच मिनिटं लागली. जेवणाला थांबले तिथे रांग, ५० मिनिटं. मग ४७ किलोमीटरचा घाट. धाकटा मागच्या सीटवर टॅब्लेटवर कार्टून पाहत होता. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर त्याला उलटी झाली. गाडी थांबवणं, सीट पुसणं, कपडे बदलणं, त्याला थोडं चालवणं यात ३५ मिनिटं गेली. हॉटेलच्या दारात गाडी लागली तेव्हा सव्वातीन वाजले होते. म्हणजे पाच तासांचे झाले सात तास पस्तीस मिनिटं.

रविवारी ते चार वाजता निघाले आणि रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी घरी पोचले. सात तास पन्नास मिनिटं. त्यातले तीन तास दहा मिनिटं शेवटच्या ६० किलोमीटरमध्ये गेले.

दाराबाहेर पडल्यापासून दारात परतेपर्यंत ४० तास १० मिनिटं. त्यातले १५ तास २५ मिनिटं रस्त्यावर. मुक्कामाच्या गावी एकूण २४ तास ४५ मिनिटं मिळाली, त्यातून साडेआठ तास झोपेचे वजा केले तर सव्वासोळा तास उरतात. ते तरी हातात होते का? खोली तयार होईपर्यंत ४० मिनिटं लॉबीत. बॅगा भरून खोली सोडण्यात सव्वा तास. जेवणं-नाश्त्याला तीन तास. आणि 'बघायची ठिकाणं' म्हणून काढलेल्या यादीतल्या पाच जागांमध्ये गाडीने फिरणं आणि पार्किंग शोधणं यात ३ तास ५० मिनिटं. उरले साडेसात तास. पाच माणसांनी चाळीस तास घराबाहेर काढले, आणि त्यातले साडेसात तास ती जिथे जायचं म्हणून निघाली होती तिथे मोकळी होती.

हे आकडे मांडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटत होतं, दोन दिवस होते आमच्याकडे."

पाच तास हा आकडा कुणाचा

अॅपने दाखवलेली वेळ चूक नव्हती. ती गाडीची वेळ होती. गाडीला भूक लागत नाही, तिला स्वच्छतागृह लागत नाही, तिचं पोट ढवळत नाही. अॅप त्या क्षणी दिसणाऱ्या आणि अपेक्षित वाहतुकीवरून न थांबता चालवण्याची वेळ देतं. पाच माणसांच्या, त्यात एक लहान मूल आणि एक वयस्क असलेल्या कुटुंबाची वेळ वेगळी असते, आणि ती त्या कुटुंबाच्या मागच्या प्रवासांतूनच कळू शकते.

स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस कमीच बांधतो. डॅनियल काहनेमान आणि एमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये याकडे लक्ष वेधलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून जास्त लागले. याच कुटुंबाने आदल्या वर्षी २०० किलोमीटरच्या प्रवासाला साडेपाच तास घेतले होते. ती नोंद त्याच फोनमध्ये होती. प्लॅन करताना कुणी ती उघडली नाही.

नवऱ्याचा पहिला उपाय होता: "मी महामार्गावर जरा ताणली असती तर?" ताशी १०० ऐवजी १२० ने गाडी हाकली तर दर १०० किलोमीटरला १० मिनिटं वाचतात. सगळा महामार्ग मोकळा मिळाला असता तरी १९५ किलोमीटरमध्ये वीसेक मिनिटंच. त्यासाठी गाडीची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, ब्रेक लागायचं अंतर त्याच प्रमाणात लांबतं, हवेचा विरोधही तेवढाच वाढतो. उलटीत ३५ मिनिटं गेली आणि सकाळच्या बॅगांत तासभर गेला, त्या घरात वेग वाढवून वीस मिनिटं कमवायचा विचार मला अजिबात पटत नाही. त्यांनाही हिशेब पाहिल्यावर पटला नाही.

रविवारची संध्याकाळ

या प्रकरणाचा गाभा शेवटच्या साठ किलोमीटरमध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबू.

महामार्गाच्या एका लेनमधून तासाला साधारण दोन हजार गाड्या जाऊ शकतात, उत्तम परिस्थितीत थोड्या जास्त. समजा शहरात शिरणाऱ्या दोन लेन आहेत, म्हणजे तासाला चार हजार. रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ दर तासाला पाच हजार गाड्या येत राहिल्या, तर तासाला हजार गाड्या मागे साठतात. सहा वाजता पोचणाऱ्यापुढे हजारांची रांग, म्हणजे पंधरा मिनिटं. नऊ वाजता पोचणाऱ्यापुढे चार हजारांची, म्हणजे पूर्ण तास. आणि रांग एकदा लागली की रस्त्याची क्षमता आणखी घसरते, बऱ्याचदा दहा टक्क्यांच्या आसपास, कारण थांबून पुन्हा निघणाऱ्या गाड्या एकमेकींत जास्त अंतर सोडतात. तासाला चार हजारांच्या जागी छत्तीसशे धरले तर नऊ वाजता येणाऱ्याचा खोळंबा तासाचा दीड तास होतो. हे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण चाल अशीच असते: संध्याकाळी निघायला केलेला प्रत्येक तासाचा उशीर घरी पोचायला तासापेक्षा जास्त उशीर करतो. 'अजून एक पॉइंट पाहून निघू' ही त्या दिवसातली सगळ्यात महागडी सूचना होती.

आणि कोंडीला पुढे अपघात किंवा काम चालू असावंच लागतं असं नाही. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या, सगळ्यांना ताशी ३० किलोमीटरने चालवायला सांगितलं. थोड्याच वेळात, कुठलाही अडथळा नसताना, गाड्या आपोआप थांबू लागल्या आणि ती थांबण्याची लाट उलट्या दिशेने ताशी वीसेक किलोमीटरने सरकत राहिली. हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की कुणीतरी जरासा ब्रेक मारतो, मागचा जास्त मारतो, त्याच्या मागचा थांबतो. त्या रात्री नवरा दर पंधरा मिनिटांनी म्हणत होता, "पुढे काहीतरी झालंय." पुढे काही झालेलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते तिने सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि मला वाटतं मुळात तेच सांगायला ती आली होती. साडेनऊच्या सुमारास कोंडीतून थोडा मोकळा पट्टा लागला. नवऱ्याने "पाण्याची बाटली कुठंय?" विचारलं, तिने दिली, तो प्यायला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "पाण्याची बाटली कुठंय?" मग डावीकडचे टायर रस्त्याच्या कडेच्या उंचवट्याच्या पट्ट्यांवर घरघरले आणि तो दचकून सावरला. मागे तिघंही झोपलेली होती. तिने एसी वाढवला, गाणी मोठी केली आणि उरलेला सगळा रस्ता त्याच्याशी बोलत राहिली.

तो शनिवारी पहाटे पाचला उठला होता, शुक्रवारी रात्री बाराला झोपला होता, परक्या गादीवर त्याला नीट झोप लागली नव्हती आणि रविवारी सकाळी सहाला तो सूर्योदयासाठी पुन्हा उठला होता. बाकीची मंडळी साडेसातपर्यंत झोपली होती. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं की सतरा तास सलग जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी घसरते. रात्री अकरा वाजता त्याला जागं होऊन बरोबर सतरा तास झाले होते, आणि मागची झोपही अपुरी होती. ताशी ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर, आणि त्या शंभर मीटरला चालक नसतो. थंड हवा आणि मोठी गाणी यांचा परिणाम टिकत नाही, हे चाचण्यांत दिसलेलं आहे. त्यातल्या त्यात उपयोगी ठरतं ते सुरक्षित जागी गाडी थांबवून कॉफी पिणं आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटणं, कारण कॉफीचा परिणाम सुरू व्हायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यानंतरही पेंग येत असेल तर दुसऱ्याने चालवायची, नाहीतर तिथेच मुक्काम करायचा. युरोपीय महासंघात ट्रक आणि बसच्या चालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती कायद्याने घ्यावीच लागते. ज्याचा तो रोजचा धंदा आहे त्याला हे बंधन, आणि आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस आपल्या मुलांना मागे बसवून आठ तास चालवतो. हे मला सहन होत नाही.

तिलाही गाडी चालवता येते. का नाही घेतली? "लांबच्या प्रवासात तेच चालवतात, तसंच चालत आलंय."

आजी पाणी पीत नव्हत्या

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी आजींना थेट विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सारखं थांबवायला सांगायचं कसं? पोरं वैतागतात. त्यापेक्षा घोटभरच प्यायलं की प्रश्न नाही." सकाळच्या चहानंतर दुपारी तीनपर्यंत त्यांनी जवळपास पाणी घेतलंच नव्हतं. डोकं दुखत होतं, पावलं सुजली होती, आणि पहिला दिवस त्यांनी खोलीत पडून काढला. घरच्यांना वाटलं, वयामुळे थकल्या.

चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. विमानाइतकंच ते गाडी, बस आणि रेल्वेलाही लागू आहे. मुळात हा धोका कमी असला तरी वयाबरोबर वाढतो. उपाय साधा आहे: पाणी प्यायचं, उतरून चालायचं. पण थांबणं हे 'मागावं' लागत असेल तर वयस्क माणूस मागत नाही. थांबे आधीच ठरलेले असले की मागायची वेळच येत नाही.

धाकट्याच्या उलटीचंही तसंच. डोळ्यांना स्थिर पडदा दिसतो आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय वळणं नोंदवतं. या विसंगतीतून मळमळ होते, आणि दोन ते बारा या वयात तिचा त्रास जास्त असतो. घाट सुरू होण्याआधी टॅब्लेट काढून घेणं आणि त्याला समोरचा रस्ता दिसेल असं बसवणं पुरेसं होतं.

दुसरा बेत

दीड महिन्याने त्यांना पुन्हा जायचं होतं. या वेळी ठिकाण आधी ठरवलं नाही. आधी ठरलं रविवारी घरी कधी पोचायचं: जास्तीत जास्त साडेतीन-चार. तिथून उलटं मोजत आलो. चारला घरी, म्हणजे गर्दी शिरायच्या आत शहरात. दारापासून दारापर्यंत, थांब्यासकट, अडीच तास. त्यांच्याच जुन्या नोंदींप्रमाणे एवढ्या वेळात ते साधारण ९० किलोमीटर जातात. मग नकाशावर त्या अंतराच्या आत काय आहे ते पाहिलं. एका धरणाच्या पाणलोटाजवळ चार-सहा खोल्यांचं राहायचं ठिकाण सापडलं. त्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

नवऱ्याची एक सूचना होती की शुक्रवारी ऑफिसहून येऊन रात्री नऊला निघावं, शनिवार पूर्ण मिळेल. पहाटे सहाला उठलेला माणूस रात्री अकराला सतरा तास जागा असतो, एवढं म्हटल्यावर त्याने ती स्वतःच मागे घेतली. रविवार-सोमवार जाण्याचाही विचार झाला, म्हणजे दोन्ही वेळा गर्दीच्या उलट दिशेने. ज्यांना सोमवारची रजा मिळते त्यांच्यासाठी हा सगळ्यात चांगला मार्ग आहे. इथे मुलीची शाळा आडवी आली.

बॅगा, हवा आणि पेट्रोल शुक्रवारी संध्याकाळीच. टायरची हवा थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे. चालवणारा रात्री दहाला झोपेल ही अट. शनिवारी ५ वाजून ४० मिनिटांनी निघून, मध्ये वीस मिनिटं थांबून, ८ वाजून १० मिनिटांनी पोचले. खोली बाराला मिळणार होती, पण सामान ठेवायची आणि आजींना पडायला एक कॉट द्यायची सोय आधीच फोन करून विचारून ठेवली होती. तिथे गेल्यावर गाडी हलवायची नाही, असं ठरलं होतं. रविवारी साडेअकराला हलकं जेवून साडेबाराला निघाले, तिने गाडी चालवली, कारण दुपारी दोनच्या पुढे पेंग येण्याची वेळ असते आणि नवऱ्याने शनिवारी पहाटे चालवली होती. ३ वाजून ५ मिनिटांनी घर.

एकूण ३३ तास २५ मिनिटं, रस्त्यावर ५ तास ५ मिनिटं. मुक्कामी, झोप वगळून, १८ तास ५० मिनिटं. जेवणं वगैरे वजा केली तरी आधीच्या साडेसात तासांच्या जवळपास दुप्पट. धाकटा एका ओहोळात बेडकाची पिल्लं पाहत सकाळ काढून आला. आजी दोन्ही संध्याकाळी चालल्या, दुसरी घराच्या सोसायटीतली.

सगळं साधलं नाही, आणि ते लिहायलाच हवं. मुलीचा स्पष्ट निर्वाळा होता: "तिथे काहीच नव्हतं." तिला दरीवरचा तो प्रसिद्ध कडा हवा होता, जो पहिल्या वेळी धुक्यात आणि गर्दीत तिला नीट दिसलाच नाही. तिचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. अडीच तासांच्या वर्तुळात भव्य काही असेलच असं नाही, आणि अकराव्या वर्षी माणसाला भव्यच हवं असतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधल्या पंधराशेहून अधिक लोकांच्या पाहणीत दिसलं की सुट्टीवर जाऊन आलेल्यांपैकी ज्यांनी सुट्टी 'अतिशय निवांत' होती असं सांगितलं, त्यांनाच परतल्यावर काही काळ इतरांपेक्षा जास्त प्रसन्न वाटत होतं. बाकीचे, न गेलेल्यांइतकेच. आई-वडिलांना ती निवांतता मिळाली. मुलीला निवांतता नको होती.

म्हणून २८० किलोमीटरचं ठिकाण यादीतून काढलेलं नाही, शनिवार-रविवारमधून काढलं आहे. शाळेच्या पुढच्या सुट्टीत तीन रात्री: बुधवारी सकाळी निघायचं, घाटाच्या पायथ्याला जेवायचं, शनिवारी दुपारी परतायचं, जेव्हा गर्दी शहराबाहेर निघालेली असते आणि आत येणारा रस्ता मोकळा असतो. दर दीड तासाला थांबा, चालक दर थांब्याला बदलणार. कड्यावर जायची वेळ गुरुवारी सकाळची, मुलीने स्वतः ठरवलेली. वडिलांची रजा मंजूर झाली आहे, आईच्या अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही.